दाऊद मिस्त्रींची दुहेरी रेघ

हे घडलं ते दोन हजार तेवीस साली, डिसेंबरच्या पहिल्या जुम्म्याला. शरीफा तेव्हा शहात्तर वर्षांची होती आणि व्हिजिट व्हिसावर जेद्दात येऊन तिला पाच आठवडे झाले होते. या पाच आठवड्यांत तिने दोन उमरे केले, कोकणातून इथं येऊन बसलेल्या झाडून सगळ्या नातेवाइकांकडे जेवली आणि भाच्याच्या घरी रोज सकाळ-संध्याकाळ एकाच गोष्टीचं कौतुक ऐकून विटली. ती गोष्ट म्हणजे उमैरचा आगगाडीचा डबा.

भाचा म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा मुलगा रहमतुल्ला. त्याची आई लवकर गेली तेव्हा शरीफानेच त्याला वाढवला होता, म्हणून त्या घरात तिला सगळेच फुफी म्हणत. रहमतुल्लाची बायको म्हणे, मुलगा म्हणे, सूनही म्हणे. रहमतुल्लाचा सुतारकामाचा कारखाना शहराबाहेर सनाइयात होता, जिथं गॅरेजं आणि वर्कशॉपं ओळीने आहेत तिथं. बत्तीस वर्षं तो बलदमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या हॉटेलांचे पलंग, दारं आणि कपाटं करत आला होता. कारखाना त्याचा, पण कागदावर नाव कफिलाचं, म्हणजे ज्याच्या जामिनावर इथं राहायचं त्या सौदी मालकाचं. हा कफील, अबू तुर्की, दूर वाळवंटातल्या हफ्र अल बातिनला नवं रेस्टॉरंट काढत होता आणि पाहुण्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच्या आगगाडीच्या डब्यात बसून जेवावं अशी त्याला हौस आली होती. डबा मनासारखा झाला तर कारखान्याचे कागद पुढे चालू. नाही झाला तर खलास. कारखानाही गेला आणि बापलेकांचे इकामे, राहण्याचे परवानेही गेले. हे अबू तुर्कीने हसत हसत सांगितलं होतं, पण त्याचं हसणं रहमतुल्लाला बत्तीस वर्षांत पाठ झालं होतं.

त्या जुम्म्याला नमाजनंतर सगळे जेवायला जमले. राबिघहून रहमतुल्लाचा धाकटा भाऊ मोहियुद्दीन आला होता. तो तिथल्या रिफायनरीत पाइपांच्या कामावर फोरमन होता आणि घरात आला की आधी भावाच्या घरातल्या एसीचा आवाज ऐकून तोंड वाकडं करायचा. इस्मतने, म्हणजे रहमतुल्लाच्या बायकोने, हमूर माशाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या आणि सांदणं केली होती. असरच्या नमाजनंतर अबू तुर्की डबा पाहायला येणार होता. रविवारी ट्रक.

दस्तरखानावर बसल्या बसल्या उमैरने फोन पुढे केला. "चाचा, हा व्हिडिओ बघा. रेस्टॉरंटच्या पेजवर टाकणार आहेत. 'ज्या घराण्याने व्हाइसरॉयचा डबा बांधला, त्याच घराण्याचा पाचवा वंशज...' "

"कुठला व्हाइसरॉय?" शरीफाने भाकरी मोडता मोडता विचारलं.

"फुफी, तुमचे आजोबा. दाऊद मिस्त्री. मुंबईच्या रेल्वे कारखान्यात होते ना?"

"होते. पंधराव्या वर्षी लागले. त्यांचा बाप बाणकोटच्या खाडीत गलबतं बांधायचा. सागाला बाक कसा द्यायचा ते या लोकांना येत होतं म्हणून साहेबाने उचलून नेले. पण व्हाइसरॉय कुठून आला मध्येच?"

"म्हणजे, असेलच की. कुणीतरी बांधलाच असेल ना."

"कुणीतरी बांधला असेल. आमच्या आजोबांनी तिसऱ्या वर्गाचे बांधले. लाकडी बाकं, एका खणात माणसं कोंबलेली, दोन खणांत मिळून एक तेलाचा दिवा. तोही छपरातून वरून सोडायचा, कंदील विहिरीत सोडावा तसा. संडास नाही. गाडी थांबली की बायामाणसं झुडपं शोधत पळायची, आणि साहेब म्हणायचा, नेटिव्हांना सवय आहे. हे लाव तुझ्या व्हिडिओला."

मोहियुद्दीन खो खो हसला. रहमतुल्लाने ताटाकडे पाहिलं. उमैर तसा वाईट मुलगा नव्हता. इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकला, पुण्याला जाऊन मेकॅनिकल झाला आणि बापाच्या कारखान्यात कॉम्प्युटर घेऊन बसला. पण त्याला वाटे, जग त्याच्या डिग्रीच्या दिवशी सुरू झालं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली माणसं शरीफाने आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. हा तर हळकुंड न बघताच पिवळा झाला होता.

"नक्शा तर त्यांचाच आहे ना?" शबनम म्हणाली. उमैरची बायको, शाळेत गणित शिकवायची, सहसा मध्ये बोलायची नाही. "तुम्हीच दिला होता, फुफी."

"नक्शा त्यांचाच," शरीफा म्हणाली. "मखमल तुमची."

नक्शा खरंच तिनेच दिला होता. मेणकापडावर शाईने काढलेला, घड्यांवर पिवळा पडलेला, डब्याच्या एका बाजूचा. म्हातारे दाऊद मिस्त्री ऐंशीच्या घरात असताना अंगणात शेजाऱ्यांची दारं करत, आणि तेव्हा सात-आठ वर्षांची शरीफा दोरीचं दुसरं टोक धरून उभी राही. भाऊ नाक्यावर पत्ते कुटत असत. त्यांना रंध्याचा आवाजही नको होता. म्हणून मिस्त्रींनी जे काही सांगितलं ते एका पोरीला सांगितलं, आणि पोरीला सांगितलेलं घरात कुणी जमेस धरलं नाही.

जेवण आटोपून दोन गाड्यांतून सगळे सनाइयात गेले. जुम्मा असल्यामुळे सगळी शटरं बंद होती. रहमतुल्लाने दार सरकवलं, दिवे लावले, आणि शरीफा उंबऱ्यावरच थांबली.

डबा सुंदर होता. ते तिने मनातल्या मनात लगेच कबूल केलं आणि कबूल करावं लागलं म्हणून आणखी चिडली. लांबच लांब सागाचा देह, आठ खण, प्रत्येक खणाला स्वतःचं दार. खिडक्यांखालची बाजू आत वळत गेलेली, जुन्या घोडागाडीच्या पोटासारखी. विलायतेतले पहिले डबे घोडागाड्या बांधणाऱ्यांनीच बांधले आणि आगगाडीला घोडा लागत नाही हे कळल्यावरही पोटाचा तो बाक काही सोडला नाही, असं आजोबा हसून सांगायचे. खिडकीची काच वरखाली करायला चामड्याचा पट्टा होता. छपरावर सफेद्यात भिजवून ताणलेलं कॅनव्हास होतं. खाली दोन्ही बाजूंना लांब पायफळी.

"बघ, फुफी," रहमतुल्ला म्हणाला. त्याच्या आवाजात लहानपणी पतंग दाखवताना जो सूर असायचा तोच होता.

"आत मधून चालायची वाट कशी काय?" शरीफाने वाकून पाहिलं. "खणाखणात भिंत असते. एकातून दुसऱ्यात जाता येत नाही. तिकीट बघणारा बाहेरच्या पायफळीवरून, धावत्या गाडीत, दांडा धरून जायचा. कितीतरी मेले पडून."

"फुफी, वेटर कुठून जाणार? पायफळीवरून बिर्याणी घेऊन?" उमैर हसला.

"तेही खरंच," ती म्हणाली. वाट कापली म्हणून ती रागावणार नव्हती. जेवायच्या डब्याला जेवायची सोय हवी. तिने हात पुढे करून दाराखालच्या फळीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. मग दुसऱ्या फळीवर. मग तिसऱ्या. सगळ्यांतून एकच आवाज आला, ताणून बांधलेल्या चामड्याचा. ती डब्याच्या कडेकडेने चालत गेली आणि प्रत्येक फळी वाजवत गेली. मोहियुद्दीनला वाटलं म्हातारी लाडाने थापटतेय.

"उमैर," ती परत येऊन म्हणाली. "नक्शात प्रत्येक फळीभोवती दोन रेघा होत्या. दुसरी रेघ कुठे गेली?"

"ती काढून टाकली मी. कॉम्प्युटरवर घेताना गोंधळ होत होता. म्हातारपणी काढलेला नक्शा, हात थरथरला असणार. एका जागी दोनदा गेलाय."

"तीस वर्षांचे होते ते तेव्हा."

"मग घाईत असतील."

"किती फळ्या आहेत रे एका बाजूला?"

"बावीस."

"बावीस फळ्यांभोवती, चारी बाजूंनी, सारख्याच अंतराने थरथरला हात? असला थरथरणारा हात तुझ्या कॉम्प्युटरला तरी आहे का?"

शबनमने फोनमधला नक्शाचा फोटो उघडून दोन बोटांनी मोठा केला आणि नवऱ्यासमोर धरला. उमैरने पाहिलं, आणि नाही पाहिल्यासारखं केलं.

"ती मोकळी जागा आहे," शरीफा म्हणाली. "तांदळाच्या दाण्याएवढी. फळी चौकटीत चिकटवायची नाही, खिळायची नाही. खाचेत नुसती बसवायची, वरून पट्टी लावायची. पट्टी चौकटीला ठोकायची, फळीला नाही. आत फळी खेळली पाहिजे, वाजवली की सैल बोलली पाहिजे. आजोबांचे डबे मुंबईहून पावसात भिजून निघायचे आणि दुसऱ्या दिवशी खानदेशात उन्हात तापायचे. रुंद फळी रात्रीत फुगते, दिवसात आकसते. तिला जागा ठेवली तर कुणाला कळतही नाही. धरून ठेवली तर मधोमध फाटते. तू काय केलंस?"

"एपॉक्सी. जर्मन आहे. आणि मागून स्क्रू." उमैरचा आवाज चढला. "ही ताकद आहे, फुफी! त्यांच्याकडे असला ग्लू नव्हता म्हणून ते मोकळं ठेवायचे. आठ महिने झाले, एक चीर नाही!"

"जेद्दात. समुद्र उशाला आहे. इथं कपडे वाळत नाहीत. हफ्र अल बातिनची हवा कशी आहे?"

उत्तर मोहियुद्दीनने दिलं, आणि असं दिलं की त्याला या क्षणाची बरेच महिने वाट पाहावी लागली असावी. "मी तिथं दोन वर्षं काढलीत. ओठ फुटतात. वर हे रेस्टॉरंटात रात्रंदिवस एसी लावणार." तो भावाकडे वळला. "भाईजान, आम्ही लोखंडाला जागा ठेवतो! पाइप तापतो म्हणून सरळ नेत नाही, मध्ये वळसा देतो, नाहीतर आधार उपटून काढील. हा तुमचा इंजिनिअर, आणि हे लाकूड. मी आधीच म्हणत होतो, पोराला माझ्याकडे पाठवा, काहीतरी शिकेल."

"तू काय म्हणत होतास ते मला माहीत आहे," शरीफा त्याच्यावर उसळली. "वर्षभरात तीनदा इथं आलास. एकदा तरी फळी वाजवून बघितलीस? आता भावाचं घर पडतंय म्हटल्यावर तुला वळसे आठवले. उंटावरचा शहाणा!"

पण शरीफाचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ती रहमतुल्लाकडे पाहत होती. तो डब्याच्या चाकापाशी उकिडवा बसला होता आणि जमिनीवरचा भुसा बोटाने एका जागी गोळा करत होता.

"रहमतुल्ला, वर बघ. चाळीस वर्षं दारं करतोयस. एका तरी दाराची फळी चिकटवलीस?"

"नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"पहिल्या दिवशीच बघितलं," तो म्हणाला. "गोंदाचा डबा फोडला तेव्हाच. म्हटलं, शिकलेला आहे, काहीतरी हिशेब केला असेल. मी दहावी नापास. त्याच्या माणसांसमोर त्याला कसं थांबवू? मग दहा फळ्या झाल्या. मग वीस. मग म्हटलं, कदाचित टिकेलही."

"अब्बा!" उमैर म्हणाला.

शरीफाला त्या क्षणी पोराचा राग गेला आणि सगळाच्या सगळा बापावर आला. पोराला माहीत नव्हतं, ते अज्ञान. याला माहीत होतं आणि हा तोंड शिवून बसला, पोराच्या डिग्रीला भिऊन. ज्या पोराला खांद्यावर घेऊन नाचवलं त्यालाच भ्यायचं, ही कसली बापाची जात! तिने तोंडातून एक शब्द काढला, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

इस्मत तिच्या जवळ आली. "फुफी," ती खालच्या आवाजात म्हणाली, "आता ते येतील. आता काही काढू नका. ट्रकमध्ये चढू दे, तिथं लागू दे. पुढे फाटलं तर फाटलं, म्हणता येईल तिथल्या हवेने फाटलं. तुम्ही महिनाभराने बाणकोटला जाल. आम्हाला इथं राहायचंय. माझं सगळं घर यावर उभं आहे."

"खोट्यावर उभं आहे, इस्मत."

"कशावर का असेना. उभं आहे ना?"

इस्मत मूर्ख नव्हती, आणि घाबरलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

बाहेर गाडी थांबली. पुढच्या अर्ध्या मिनिटात या घराण्याने जी एकी दाखवली ती कुठल्या लग्नातही दाखवली नव्हती. मोहियुद्दीनने भावाच्या पाठीवर हात ठेवला. उमैरने हसू आणलं. इस्मतने थर्मासमधून कहवा ओतला आणि शबनमने खजुरांचं ताट धरलं. परका आला की आमच्यात भांडण नाही, हा या लोकांचा फार जुना धर्म. आतून घर जळत असलं तरी दारात पाहुण्याला म्हणणार, या, जरा उबेला बसा.

अबू तुर्की पन्नाशीचा, उंच, सुगंधी माणूस होता. तो डब्याभोवती फिरला, दार उघडलं, लावलं, पट्ट्याने काच खाली घेतली, वर घेतली आणि लहान मुलासारखा खूश झाला. "मुमताज, रहमतुल्ला! मुमताज!" म्हणजे उत्तम, उत्तम. मग त्याने उमैरला काहीतरी विचारलं आणि फोन काढला.

"काय म्हणतोय?" शरीफाने शबनमला विचारलं.

शबनम खाली बघून म्हणाली, "आपल्याकडची पद्धत उमैरने त्यांना सांगितली होती. काम पुरं झालं की बाहेर पडण्याआधी घरातलं सगळ्यात मोठं माणूस त्यावर हात ठेवून बिस्मिल्ला म्हणतं, ती. त्यांना त्याचा व्हिडिओ हवाय. फक्त तुमचा हात दिसेल, म्हणतात."

पद्धत खरी होती. खाडीत गलबत लोटण्याआधी दाऊद मिस्त्रींचे वडील हुसेन मिस्त्री हात ठेवत. कारखान्यातून डबा निघताना दाऊद मिस्त्री ठेवत, साहेब पाइप ओढत बाजूला उभा असला तरी. पण ती व्हिडिओसाठी नव्हती. हात ठेवणं म्हणजे मी हे बघितलं, हे धड आहे, बसणाऱ्याचा जीव मी याच्यावर ठेवायला तयार आहे, असं सांगणं होतं. एकदा आजोबांनी हात ठेवला नाही म्हणून एक डबा तीन दिवस शेडमध्ये अडला होता आणि पगार कापला गेला होता.

अबू तुर्कीने फोन धरला. "यल्ला, या हज्जा," चला आजी, असं तो अदबीने म्हणाला.

शरीफाने दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

"फुफी," इस्मत कुजबुजली, "एक बिस्मिल्ला म्हणायला काय जातं तुमचं?"

"माझं काही जात नाही. मी जेवायलाही म्हणते. याला नाही म्हणणार."

फोन खाली आला. अबू तुर्कीने आधी शरीफाकडे, मग रहमतुल्लाकडे पाहिलं. "म्हातारी काय म्हणतेय?"

आता बोलायचं रहमतुल्लाने होतं. घरातल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. प्रत्येकाला तो काहीतरी वेगळं बोलायला हवा होता. तो उठला, गुडघे झटकले, आणि बत्तीस वर्षं पलंगांच्या मापांपुरती वापरलेल्या अरबीत त्याने सांगितलं. फळ्या चुकीच्या बसल्या आहेत. चूक माझी. हफ्रला गेल्यावर दोन महिन्यांत फाटतील. मला चाळीस दिवस द्या, सगळ्या काढून परत बसवतो.

चूक माझी, असं तो म्हणाला तेव्हा उमैरने आणलेलं हसू उतरलं.

अबू तुर्की ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खजूर घेतला, बी काढली, आणि समजावून सांगितलं, मुलाला सांगावं तसं. पंधरा तारखेला उद्घाटन आहे. मोठमोठ्या लोकांना बोलावलंय. लाकूड हे लाकूड असतं. फाटलं तर रंग लावू. रविवारी ट्रक येईल, डबा जाईल, आणि तू मला पुन्हा असलं काही सांगू नकोस.

"हाजिर," रहमतुल्ला म्हणाला. सवयीने म्हणाला. मग तो भिंतीपाशी गेला, मांडणीवरची रुंद पटाशी आणि लाकडी हातोडा घेतला, डब्यापाशी परत आला आणि दुसऱ्या दाराखालच्या फळीच्या कडेवर पटाशी लावून ठोकली.

एपॉक्सी खरंच मजबूत होती. फळी सुटली नाही, फुटली. आठ महिन्यांचं पॉलिश असलेला तो सागाचा तुकडा उभा चिरफाळला आणि अर्धा जमिनीवर पडला. इस्मत किंचाळली. रहमतुल्लाने पटाशी पुढे सरकवली. पण दुसरा घाव चौकटीवर बसला.

"चौकटीला लागतंय, अब्बा," उमैर म्हणाला. तो कधी पुढे आला ते कुणी पाहिलं नाही. त्याने बापाच्या हातातून हातोडा घेतला. "तुम्ही पटाशी धरा. कुठून मारू ते सांगा."

"खालून. कोपऱ्यातून," रहमतुल्ला म्हणाला.

दुसरी फळी सुटली. तिसरी फुटली. अबू तुर्की थोडा वेळ बघत राहिला. "मजानीन," वेडे लोक, असं तो म्हणाला, कहव्याचा पेला नीट ताटात ठेवला आणि निघून गेला. मोहियुद्दीन त्याच्यामागे दारापर्यंत धावला, काहीतरी सारवासारव करत. बापलेकांनी मान वर केली नाही. इस्मत खुर्चीत बसून रडत होती. शबनम तिच्यापाशी होती. शरीफा मात्र डब्याच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि तिकडच्या फळ्या मोजू लागली; बावीसच आहेत की उमैरने तिथंही काही शहाणपण केलंय, ते बघायला हवं होतं.

उद्घाटन डब्याशिवाय झालं. फेब्रुवारीत, काहीही न कळवता, ट्रक आला. डब्यासाठी मोडून ठेवलेला हॉल कुणाला रिकामा ठेवता येतो? तोवर चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस फळ्या खाचेत मोकळ्या बसल्या होत्या. अबू तुर्कीने डबा नेला आणि कारखान्याचे कागद पुढे चालू केले नाहीत. त्याने शब्द पाळला, असं म्हणायचं. त्याचं रेस्टॉरंट जोरात चालतं.

रहमतुल्ला त्या उन्हाळ्यात बाणकोटला परतला. आता तो मशिदीची दारं दुरुस्त करतो आणि कुणी विचारलं तर जेद्दाबद्दल फारसं बोलत नाही. इस्मतही परतली. पुढे दोन घरं सोडून राहूनही ती शरीफाशी वर्षभर बोलली नाही, आणि बोलू लागली तेही फक्त सणावारी. शरीफाने तिला कधी दोष दिला नाही.

उमैरला दुसरा कफील मिळेना. शेवटी तो राबिघला लागला, मोहियुद्दीनच्याच हाताखाली, आणि हा चाचा त्याची नोकरी आपणच लावली हे दर जेवणाला सांगतो. पण दोन वर्षांत पोरगा त्याच्या वर चढला, तेव्हापासून जरा कमी सांगतो. शबनमने शाळा सोडली नाही. तिने दाऊद मिस्त्रींचा नक्शा काचेत बसवून घेतला आणि फ्रेम करणाऱ्याला दम देऊन मागे जागा ठेवायला लावली.

तीच मागच्या हिवाळ्यात मुलाला घेऊन हफ्र अल बातिनला जाऊन आली. तिने बाणकोटला फोन केला. एक चीर नाही, फुफी, म्हणाली, दोन वर्षं झाली, एक नाही. मात्र दाराशेजारी पितळेची हातभर रुंद पाटी लावलीय, रियाधच्या कुठल्यातरी सजावट कंपनीची. डबा त्यांनीच बांधला असं कोरलंय.

"पाटी बसवलीय कशाने?" शरीफाने विचारलं.

"स्क्रूने. चारी कोपऱ्यांना."

"चौकटीला की फळीला?"

"फळीलाच."

"मग फाटेल तिथून," शरीफा म्हणाली. "एकच जाईल. जाऊ दे, ती त्यांची." आणि तिने फोन ठेवून भाताखालचा जाळ कमी केला.